जांभा भिजतो, आणि पूर्वजांना ते ठाऊक होतं

"कोकणात घर बांधताय? चिऱ्याला गिलावा करू नका. जांभा मुळातच पावसाला दाद देत नाही, पूर्वज उघड्या चिऱ्याचीच घरं बांधायचे. फार तर वरून पारदर्शक वॉटरप्रूफ कोट मारा." जांभा म्हणजे कोकणातला तांबडा दगड, चिरा म्हणजे त्याचा कापलेला ठोकळा. त्याबद्दलचा हा सल्ला सध्या खूप फिरतोय. त्यावर विसंबून लोक आयुष्याची पुंजी भिंतीत घालतात, म्हणून हे लिहितोय.

जांभा सच्छिद्र आहे, पाणी शोषतो. खाणीतून निघताना मऊ असतो आणि हवा लागल्यावर कडक होतो हे खरं, पण कडक झाला म्हणून त्याची छिद्रं बुजत नाहीत. पुरावा बघायचा तर जुन्या गोव्यात जा. १६०५ साली पूर्ण झालेल्या बॉम जीझस बासिलिकेच्या बाहेरच्या भिंतींना चुन्याचा गिलावा होता. १९५०च्या दशकात तो काढला. तेव्हापासून उघडा पडलेला जांभा दर पावसाळ्यात झिजतोय, आणि गिलावा परत करा अशी मागणी आता होते आहे.

पूर्वजांची भिंत उघडी होती असं धरलं, तरी ती पावसात उभी नव्हती. उंच जोतं, उतरतं कौलारू छप्पर, पुढे आलेली वळचण, पडव्या. एवढं करूनही पश्चिमेची झड अडवायला पावसाळ्याआधी झापं, म्हणजे झावळ्यांचे विणलेले पडदे, बांधायचे. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, बहुतेक सगळा चार महिन्यांत, आणि वाऱ्याबरोबर तिरका. आजचा सपाट स्लॅबचा चौकोनी बंगला पूर्वजांचा फक्त दगड घेतो, छप्पर टाकून देतो. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच.

कोटाचं म्हणाल, तर भिंतीत पाणी जोत्यातून चढतं, खिडकीच्या कडेने आणि पॅरापेटच्या माथ्यावरूनही शिरतं. वर पापुद्रा धरणारा कोट असला की ते आत कोंडतं, क्षार साठतात, चिऱ्याचे पोपडे सुटतात. वाफ बाहेर जाऊ देणारी रसायनं मिळतात, पण चिऱ्यांमधली फुटलेली दर्ज (सांधा) त्यांनी भरत नाही.

आणि म्हणून जाड सिमेंटचा गिलावा करा, असंही नाही. त्याला बारीक तडे जातात, पाणी आत शिरतं आणि लवकर सुकत नाही. जांभ्याला चुना बरा.

नकाशा हातात आला की पश्चिमेच्या भिंतीवर छप्पर किती पुढे येतंय ते आधी मोजा. दोन फुटांहून कमी असेल, तर काम सुरू होण्याआधी तिथे पडवी काढून घ्या. छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच ठेवायलाही गवंड्याला सांगा.