बिरेक लागतत मा?

आमच्या गाडीला कोकणात कॅम्परव्हॅन सोडून बाकी सगळं म्हटलं गेलं आहे. पांढरी, उंच, खिडक्यांना पडदे, मागे शिडी. गुहागरात एका आजोबांनी बाही वर सरकवून ‘जरा बीपी बघा’ म्हणत हात पुढे केला. हर्णैला दोन बायका चष्म्याचा नंबर काढून घ्यायला दाराशी उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे तिसरी येऊन उभी राहिली. रांग कशाची आहे हे तिला ठाऊक नव्हतं, पण पुढच्या दोघींना मिळणार ते आपल्यालाही मिळायला हवं एवढं पक्कं होतं.

मूळची ही शाळेची पोरं नेणारी गाडी. आम्ही ती जुनी घेतली, बाकडी उपटून काढली आणि एका सुताराकडून आत दोन बंक, बोटभर ओटा, बेसिन आणि बुटका फ्रिज एवढं बसवून घेतलं. सुताराने देवघर कुठे काढायचं असंही विचारलं होतं. नवरा म्हणाला, गाडीत कशाला देवघर. (हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलंय.)

गाडी मी चालवते. नवऱ्याकडे लायसन्स आहे, पण ते तो ओळखपत्र म्हणून वापरतो. त्याच्याकडे खातं आहे ते मॅन्युअलचं. आयुष्यभर बँकेत ऑडिट केलेला माणूस, त्यामुळे कुठल्याही पुस्तकाची तळटीप आधी वाचतो. आरे-वारेच्या त्या प्रसिद्ध वळणावर, जिथे डोंगर उतरताना दोन्ही किनारे एकदम समोर येतात आणि सगळं जग फोन बाहेर काढतं, तिथे हा माणूस समुद्राकडे पाठ करून माझ्या स्टिअरिंगमागे बघत होता.

“दिवा लागलाय,” तो म्हणाला.

लागला होता. पिवळा. मधोमध वर्तुळ आणि दोन्ही बाजूंना तुटक कंस. मी ब्रेक दाबून पाहिला. गाडी थांबली. पुन्हा चालवली, पुन्हा दाबला, पुन्हा थांबली. मागचा रिक्षावाला दोन्ही वेळा थांबला आणि तिसऱ्यांदा काहीतरी बोलून पुढे गेला. माझ्या मते विषय तिथे संपला होता. नवऱ्याच्या मते तिथून तो सुरू झाला.

त्याचं म्हणणं तसं बिनचूक असतं, हाच त्याच्याबरोबर राहण्यातला त्रास आहे. ब्रेक पॅडच्या पोटात एक बारीक वायर असते. नवा पॅड दहा-बारा मिलिमीटर जाड असतो. तो झिजत झिजत तीनेक मिलिमीटरवर आला की फिरती डिस्क ती वायर कापते, सर्किट तुटतं, दिवा पेटतो. रचना छान आहे, पण यात दिव्याला पॅड कुठेच दिसत नाही. त्याला कळतं ते एवढंच, की वायर तुटली. डिस्कने कापली की उंदराने कुरतडली की सांधा निसटला, त्याच्या लेखी सगळं सारखं. लग्नात मानपान चुकलेल्या आत्याबाईंसारखा तो एका कोपऱ्यात बसून राहतो, आणि नेमकं काय झालं ते सांगत नाही.

रत्नागिरीत शहराबाहेरच्या एका सेवा केंद्रात गेलो. गाडी मी आत घेतली, किल्ली मी दिली, आणि तिथल्या मुलाने नवऱ्याला विचारलं, “काय प्रॉब्लेम आहे सर? मॅडम, तुम्ही एसीत बसा.” मी एसीत बसले. काचेतून बघत होते. त्याने गाडीला एक यंत्र जोडलं, यंत्राने एक कोड काढून दिला आणि दोघे पुरुष त्या कोडाकडे आदराने बघत राहिले. मग चाक काढलं. पॅडमध्ये सात-आठ मिलिमीटर जीव होता.

“पॅड ओके आहेत, सर. सेन्सर गेलाय. पार्ट मागवावा लागेल. आठ दिवस.”

“तोपर्यंत?” मी बाहेर येऊन विचारलं.

“तोपर्यंत चालवू नका असं आम्हाला सांगावं लागतं.”

“आणि चालवली तर?”

“चालते की.”

त्याने दिवा विझवून दिला. विझवण्याचे पैसे लागले. पावसच्या अलीकडे पहिल्याच मोठ्या उतारावर तो परत पेटला.

आता कोकणच्या किनाऱ्याने जाणारा रस्ता म्हणजे काय हे सांगायला हवं, कारण नकाशात तो समुद्राला चिकटून सरळ गेलेला दिसतो. प्रत्यक्षात तिथे सरळ असं काही नाही. आधी सडा येतो, कातळाचा, सपाट, वर टळटळीत ऊन. मग रस्ता कड्यावरून खाली उडी घेतो, माडाच्या बागेतून, दोन घरांच्या पडव्यांमधून, तिसऱ्याच्या वाळत घातलेल्या कुळथाला वळसा घालून. खाली खाडी, खाडीवर पूल. पूल संपला की तेवढाच चढ आणि वर पुन्हा सडा. पूर्णगडाला मुचकुंदीची खाडी, पुढे जैतापूरची, पुढे आणखी. आम्ही मुद्दाम या वाटेने आलो होतो, कारण ज्याचा नंबर पूर्वी १७ होता आणि आता ६६ आहे त्या महामार्गाचं रुंदीकरण २०११ पासून बघून आमचे डोळे थकले होते. पण ब्रेकचा दिवा लागलेला असताना निवडायचा रस्ता हा नव्हे. इथे ब्रेक ही अधूनमधून लागणारी वस्तू नाही, तो पूर्णवेळ कामगार आहे.

उतारावर गाडी सेकंडला, फार तीव्र असेल तर फर्स्टला टाकावी आणि इंजिनालाच गाडी धरून ठेवू द्यावी, म्हणजे ब्रेक तापत नाहीत. हे मला माहीत आहे. मी तसंच चालवते. तरी प्रत्येक कड्याच्या टोकावर शेजारून ‘सेकंड’ असा पुकारा होई. मग मॅन्युअलमधलं ब्रेक ऑइलचं पान वाचून दाखवलं जाई. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, पाण्याने त्याचा उत्कलनबिंदू उतरतो, आणि कोकणातली हवा कशी असते ते तुला माहीतच आहे. मला माहीतच होतं. सकाळी धुतलेला टॉवेल तिसऱ्या दिवशी विचारपूर्वक ओला होता.

आडिवऱ्याला चहाला थांबलो तर शेजारी एसटीचे ड्रायव्हर बसलेले. नवऱ्याने त्यांच्यापुढे केस मांडली. त्यांनी बशीतला चहा संपवला, उठून आमच्या डॅशबोर्डात डोकावून आले आणि म्हणाले, “एवढे दिवे? आमच्याकडं बघायला रस्ता असतो.” चहावाल्याच्या बायकोने मात्र उपयोगाचं सांगितलं. ती म्हणाली, टिकली लावा.

मी लावली. पर्समध्ये मरून रंगाची पाकीटभर होती. ती दिव्यावर बरोबर बसली. मोठा आनंद झाला. पण पुढच्या उतारावर दिव्याचा उजेड टिकलीच्या कडेने बाहेर पडू लागला आणि तिला प्रभावळ आली. आधी नुसता दिवा होता, आता ते दैवत दिसू लागलं. नवऱ्याने ती नखाने खरवडून काढली आणि काही न बोलता मॅन्युअलच्या त्या पानावर चिकटवली.

देवगडला मुक्काम केला. तिथे किल्ल्यापाशी दीपगृह आहे. त्याचा झोत रात्रभर आमच्या पडद्यावरून फिरत होता. तो दिवा निदान उजाडल्यावर विझतो, असं मी अंथरुणातून म्हणाले. वरच्या बंकवरून उत्तर आलं नाही. तिथे बोटाने पान उलटल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी कुणकेश्वर, मिठबाव करत आचऱ्याच्या जवळ आलो. रस्त्याकडेला फणसाखाली कौलारू पडवी, पुढे दोन स्कूटर, एक उघडी पडलेली रिक्षा आणि तिच्या खालून बाहेर आलेले दोन पाय. मी गाडी थांबवली. पाय म्हणाले, “दवाखानो काल येवन गेलो.”

“दवाखाना नाही हो, आमचीच गाडी आहे. ब्रेकचा दिवा लागतोय.”

पायांमागून मेस्त्री बाहेर आला. त्याने गाडीकडे बघितलं, दिव्याकडे बघितलं, मग ज्या कुणाला विचारायला हवं होतं त्या माझ्याकडे बघितलं. संपूर्ण किनाऱ्यावर हा पहिला माणूस.

“वयनी, बिरेक लागतत मा?”

“लागतात.”

“मगे?”

या ‘मगे’ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. हेच मी दोन तालुके ओरडून सांगत होते. पण नवरा पुढे झाला आणि त्याने सर्किट, डिस्क, मिलिमीटर, कोड अशी सगळी हकिगत क्रमवार ऐकवली. मेस्त्रीने ती शांतपणे ऐकून घेतली आणि दोन पर्याय दिले. एक, मागचो बल्ब काडून टाकूया, सुटका. दोन, चाक खोलूया. नवरा म्हणाला, चाक. मेस्त्रीने जॅक आणायला पोराला पाठवलं. पोरगा जॅक घेऊन आला तेव्हा त्याच्यामागून वाडीतली निम्मी माणसं आली.

चाक निघालं. मेस्त्रीने वायरवरून बोट फिरवत फिरवत वर नेलं आणि चाकाच्या आतल्या अंगाला एक काळी प्लॅस्टिकची जोडणी होती ती ओढून वेगळी केली. आतल्या दोन्ही पिना हिरव्यागार. पितळेचा तांब्या माळ्यावर विसरावा तशा कळकलेल्या नव्हेत, त्याच्याही पुढच्या. सेन्सर ठणठणीत होता. रत्नागिरीच्या यंत्राला हे दिसलं नव्हतं, कारण त्याला सर्किट तुटलंय एवढंच कळतं. म्हणजे ते यंत्र दिव्याचाच चुलतभाऊ.

“खारो वारो,” मेस्त्री म्हणाला. “हयसर लोखाण टिकणा नाय, तुमची वायर खंय टिकतली?”

त्याने पॉलिश पेपरचा तुकडा गुंडाळून पिना घासायला घेतल्या. पण भोक अरुंद आणि पेपर आत जाईना. इतक्यात पडवीतून त्याची आये काठी टेकत आली. हातात वाटी, वाटीत सोलांचं पाणी. “समई मी ह्येनीच घासतंय,” असं म्हणून तिने वाटी पुढे धरली. मेस्त्री लाजला, नवरा हरखला. कोकमात आम्ल असतं, तांब्यावरचा हिरवा थर आम्लात विरघळतो, शास्त्रीयदृष्ट्या अगदी बरोबर आहे, असं तो जमलेल्या वाडीला सांगू लागला. वाडीला ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असल्यामुळे कुणी लक्ष दिलं नाही. काडीला कापूस गुंडाळून पिना सोलांनी पुसल्या, साध्या पाण्याने धुतल्या, फुंकून वाळवल्या आणि वर ग्रीस चोपडलं. सगळ्या वायरिंगला आमसुलाच्या सारासारखा वास सुटला. मला भूक लागली.

आता किल्ली फिरवायची. तेवढ्यात मेस्त्रीचे काका म्हणाले, थांबा. गाडी हद्दीत आलेली, आडली ती हद्दीत, तर राखणदाराला नारळ न ठेवता चालू कशी करायची? आचरं हे रामेश्वराचं गाव. देवाचा कौल झाला की इथे आख्खा गाव तीन दिवस घरं सोडून, गुरं-कोंबड्या घेऊन वेशीबाहेर राहायला जातो. तिथे एका दिव्यासाठी पाच मिनिटं थांबायला आमची काय हरकत असणार! नारळ आला. बोनेटपुढे ठेवला. काकांनी पंचा खांद्यावर घेतला आणि आवाज लावला.

“बा देवा रामेश्वरा, बारा गावच्या म्हाराजा…”

“व्हय म्हाराजा!” वाडी म्हणाली.

“ही चाकरमान्यांची गाडी तुझ्या हद्दीत इली. तिच्या दिव्याक काय दिसला ता तेचा तेका म्हायत…”

“व्हय म्हाराजा!”

“वायर उंदरान कुरतडली आसात, खाऱ्या वाऱ्यान खाल्ली आसात, रत्नांगिरीत कोणी काय करून ठेवला आसात…”

“व्हय म्हाराजा!” यातला सर्वांत मोठा आवाज गाडीत देवघर कशाला म्हणणाऱ्याचा होता.

“ता सगळा वेशीभायर जाव दे, आणि ह्येंका सुखान घराक पोचव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

मी किल्ली फिरवली. सगळे दिवे एकदम पेटले, एकेक करत विझले, आणि पिवळाही विझला. पुलापर्यंत जाऊन आले, चारदा कचकचीत ब्रेक मारले. नाही पेटला.

परत आले तर श्रेयाची वाटणी चालू होती. मेस्त्री म्हणत होता, पिना पेपरनेच साफ झाल्या, सोलांचं फक्त निमित्त. आये म्हणत होती, पेपर आत गेलाच कुठे. काका दोघांकडे करुणेने बघत होते, त्यांना वाद घालायची गरज नव्हती. नवऱ्याने तिघांचंही म्हणणं टिपून घेतलं.

पैशांचं विचारलं तर मेस्त्रीने चाक खोलण्याचे सांगितले तेवढेच घेतले. दिव्याचे घेईना. मी फारच आग्रह केल्यावर म्हणाला, “तुमी कणकवलेवरनाच जातलास मा? आयेक चेडवाकडे सोडा.”

आयेचं सामान आधीच पडवीत बांधून तयार होतं. ते सोलांच्या वाटीच्या आधी बांधलेलं की नंतर, हे मी विचारलं नाही. आंब्याची पेटी, सोलांची पिशवी, नातवासाठी सुकट आणि एक फणस. फ्रिज आहे हे कळल्यावर त्यात बांगडे गेले, आणि आमचं दूध बाहेर आलं. पुढची सीट आयेला, कारण मागे तिला गाडी लागते. नवरा खालच्या बंकवर फणसाला धरून बसला, कारण फणस घरंगळतो.

आचरा-कणकवली रस्त्याला वळणं भरपूर. पहिल्या वळणाला शेजारून आवाज आला, “बिरेक मार गो बाय.” मी मारला. दुसऱ्या वळणाला तोच आवाज. पुढे म्हैस दिसली, तेव्हा म्हशीच्या बऱ्याच आधी आवाज आला. सायकलवाला, शाळेची पोरं, खड्डा, पुन्हा खड्डा, आणि एकदा तर आडवी जाणारी कोंबडी, जी मला अजिबात दिसली नव्हती. मागून बंकवरून ‘सेकंड’ असा क्षीण पुकारा झाला. आये मान वळवून म्हणाली, “तू फणस धर रे!”

कणकवलीला लेक दारातच उभी होती. आईला हात धरून उतरवताना तिने जरा काळजीने गाडीकडे बघितलं. भावाने फोनवर दिव्याचं सगळं सांगितलं असणार. तिने विचारलं, गाडीचे बिरेक बरे आसत मा?

“बिरेक बरे आसत,” आये काठी सावरत म्हणाली. “पण सांगल्याबिगर लागणत नाय.” मग माझ्याकडे वळून, “परत जातांना माका न्हेवक येशात मा?”