दक्षिणा, मेकर आणि चेकर

पेशवाईत श्रावण आला की पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात दक्षिणा वाटली जायची. विद्वानांची परीक्षा व्हायची, विद्वत्तेप्रमाणे रक्कम ठरायची आणि ती रोख हातावर पडायची. (घेणारे फक्त ब्राह्मण, हा त्या योजनेचा मोठा दोष. त्यावरून पुढे १८४९ मध्ये पुण्यात बरीच जुंपली, पण तो वेगळा विषय.) इंग्रजांच्या काळात त्याच निधीतून दक्षिणा फेलोशिप निघाली. न्यायमूर्ती रानडे दक्षिणा फेलो होते, आणि त्यांना आधार लिंक करावं लागलं नव्हतं. एवढा तपशील आम्हा इतिहासात पीएच.डी. करणाऱ्यांना तोंडपाठ असतो. आमची स्वतःची फेलोशिप या घडीला कुणाच्या टेबलावर आहे, एवढंच सांगता येत नाही.

नेटमधून (विद्यापीठ अनुदान आयोगाची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप मिळाली की पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये आणि पुढची तीन वर्षं ४२,०००. हा दर १ जानेवारी २०२३ पासूनचा. घरभाडे भत्ता निराळा. हा आकडा नातेवाईकांना चटकन कळतो. ‘मंजूर’ आणि ‘जमा’ या दोन शब्दांतलं अंतर कळत नाही. ते अंतर असं: पत्र येतं, त्याला मुदत असते. मुदतीत पीएच.डी.ला प्रवेश, मग रुजू अहवाल, त्यावर गाइडची सही, विभागप्रमुखांची सही, कुलसचिवांचा शिक्का. मग विद्यापीठातला ‘मेकर’ फेलोशिपच्या पोर्टलवर माहिती भरतो आणि ‘चेकर’ ती मान्य करतो. हे एकदाच नव्हे. विद्यार्थी या महिन्यात हजर होता, असं दर महिन्याला ठरलेल्या तारखेच्या आत या दोघांनी पोर्टलला सांगायचं असतं. मेकरने भरलं आणि चेकर मॅडम मुलीच्या बारावीसाठी रजेवर गेल्या, तर त्या महिन्यात आपण शासकीयदृष्ट्या अस्तित्वातच नसतो. म्हणून जाणती मंडळी दहा तारखेच्या सुमारास चहाच्या निमित्ताने त्या खिडकीवरून एक चक्कर मारून येतात. आठवण करून द्यायची नाही, नुसतं दिसायचं.

खरा घोळ नावात असतो. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, शेवटी आईचं नाव. आधारवर आडनाव शेवटी, आईचा पत्ता नाही. पॅनवर वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर. इतिहासात ‘हे तिघे एकच’ असं सिद्ध करायला आम्ही चार पानांची तळटीप लिहितो; इथे गॅझेट किंवा प्रतिज्ञापत्र लागतं. शिवाय आधारवरून येणारा पैसा शेवटी ज्या खात्याला आधार जोडलं त्यात जातो. अकरावीत कुठल्यातरी शिष्यवृत्तीसाठी गावी उघडलेलं, पासबुक हरवलेलं खातं तेच निघालं, तर पैसे आलेले असतात आणि आलेले नसतातही. बँकेत जाऊन ‘आधार सीडिंग’ बदलून घ्या, आणि हे अर्ज करण्याआधी करा.

नेट न निघालेल्यांसाठी भारतीय इतिहास अनुसंधान परिषद आहे. तिची कनिष्ठ फेलोशिप दरमहा १७,६०० रुपयांची, दोन वर्षं. केंद्रीय विद्यापीठात असाल तर नॉन-नेट फेलोशिपचे दरमहा ८,०००. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या त्या त्या समाजगटासाठीच्या सरकारी संस्था. तिथे जाहिरातीत दोन तारखा दिलेल्या असतात आणि तुमची पीएच.डी. नोंदणी त्यांच्या मधे पडावी लागते. आयुष्यभर सनावळ्या पाठ केलेला माणूस स्वतःच्या एका तारखेवर अडतो. आणि एका वेळी एकच फेलोशिप घेता येते, तसं लिहूनही द्यावं लागतं.

जेआरएफमधल्या आकस्मिक खर्चाच्या (कंटिन्जन्सी) अनुदानाला मात्र माझा मनापासून आक्षेप आहे. मानव्यविद्येला पहिली दोन वर्षं सालाना १०,००० रुपये, पुढे २०,५००. म्हणजे इतिहासाला प्रयोगशाळा नाही, खर्च कसला, असा हिशेब. आमची प्रयोगशाळा पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमालांत बांधलेली आहे, पणजीच्या पुराभिलेखागारात पोर्तुगीजमध्ये आहे आणि दिल्लीला जनपथावर राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. दिल्लीची एक खेप, स्वस्तातली खोली आणि प्रतींचे पैसे धरले की वर्षाचे दहा हजार संपले. मोडी वाचायला सहा महिन्यांत येतं. एखाद्या विशिष्ट कारकुनाची मोडी वाचायला दोन वर्षं जातात. त्या कारकुनाच्या अक्षराची तरतूद कुठल्याच नियमात नाही.

तेवढे पैसे मिळवायलाही बिलं लागतात. जीएसटी क्रमांकासह. झेरॉक्सवाला पाठकोऱ्या कागदावर ‘४१२/-’ लिहून देतो आणि वर विचारतो, “बिल कशाला, ताई?” छापील पावती मिळाली तर ती थर्मल कागदाची. वर्षअखेरीला फाइल उघडली की कागद पांढराशुभ्र. दोनशे वर्षांपूर्वीची शाई लख्ख वाचता येते, गेल्या जूनची पावती येत नाही. पावती हातात पडल्या दिवशीच तिची झेरॉक्स काढा. त्या झेरॉक्सचं बिल मागू नका.

दोन वर्षं भरली की एसआरएफ, म्हणजे बेचाळीस हजारांचे वरिष्ठ फेलो होण्यासाठी तिघांची समिती बसते: गाइड, विभागप्रमुख आणि बाहेरचे तज्ज्ञ. पहिले दोघे बहुधा सापडतात. तिसऱ्यांची तारीख मिळत नाही, तोवर बेचाळीस हजार सदतिसावरच बसून राहतात. दुसरं वर्ष संपायच्या तीन महिने आधी त्यांच्या मागे लागावं.

बाकी सगळं चालतं ते व्हॉट्सॲप ग्रुपवर. महिनाअखेरीपासून तिथे एकच प्रश्न: “आलं का?” चौथ्या-पाचव्या दिवशी कुणीतरी अंगठा टाकून “आलं!” लिहितं. साधनचिकित्सेत मुरलेले पंचवीस इतिहासकार एकदम टाइप करू लागतात:

“कुठल्या महिन्याचं?”