तिकीट घेणाऱ्याला हसण्याआधी

लॉटरीचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "ज्यांना गणित येत नाही तेच तिकीट काढतात." हे वाक्य मला आता ऐकवत नाही.

माझ्या एका मित्राचे सहा आकडे ठरलेले आहेत. आईची जन्मतारीख, लग्नाची तारीख, मुलीचा वाढदिवस. कित्येक वर्षं प्रत्येक सोडतीला तो तेच लावतो. त्याचं गणित माझ्यापेक्षा पक्कं आहे. एकदा मी म्हटलं, अरे, एखादा आठवडा सोडून तर बघ. तो म्हणाला, "आणि नेमके त्याच आठवड्यात आले तर?"

हा प्रश्न लॉटरी चालवणाऱ्यांना चांगला ठाऊक आहे. नेदरलँड्समध्ये १९८९ पासून 'पोस्टकोड लॉटरी' चालते. तिथे तुमच्या पत्त्याचा कोड हाच तिकिटाचा नंबर. तुमच्या गल्लीचा कोड निघाला की तिकीट असलेल्या सगळ्या शेजाऱ्यांना बक्षीस. ज्याने तिकीट घेतलेलं नसतं त्यालाही कळतंच की नंबर आपलाच होता. शेजारच्या दारात नवी गाडी उभी राहते आणि ती रोज दिसते. लोक ही लॉटरी का घेतात याचा अभ्यास झाला, तेव्हा ही पुढची हळहळ आधीच मनात घर करते आणि तिकीट घ्यायला लावते, असंच दिसून आलं.

स्पेनच्या नाताळच्या लॉटरीत एकच नंबर अनेकांना विकला जातो. २०११ साली सोदेतो नावाच्या चिमुकल्या गावाला पहिलं बक्षीस लागलं. गावातल्या बायकांच्या मंडळाने घरोघर जाऊन वाटे विकले होते. एका घरी जायचं तेवढं राहून गेलं. आख्खं गाव रस्त्यावर नाचत होतं आणि त्या घराचा वाटा नव्हता. तिकीट घेणारा प्रत्येक जण मनातून याच घराला घाबरत असतो, असं मला वाटतं.

आता चालवणाऱ्यांकडे बघा. ऑक्टोबर २०१५ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय लॉटरीने ४९ ऐवजी ५९ आकड्यांतून सहा निवडायला लावले. पहिलं बक्षीस लागण्याची शक्यता सुमारे १ कोटी ४० लाखांत एक होती, ती साडेचार कोटींत एक झाली. त्याच महिन्यात अमेरिकेच्या पॉवरबॉलने ती साडेसतरा कोटींवरून २९ कोटी २२ लाखांत एक केली. दोन्हीकडे बारीकसारीक बक्षिसं मात्र जरा सोपी केली. म्हणजे हाताला काहीतरी लागत राहावं, माणूस सुटू नये आणि मोठी रक्कम न लागता पुढच्या सोडतीत साठत जावी. झालंही तसंच. जानेवारी २०१६ मध्ये पॉवरबॉलचं बक्षीस १५८ कोटी डॉलरच्या वर गेलं आणि दुकानांपुढे रांगा लागल्या. आठवड्याला तीन सोडती धरल्या आणि प्रत्येकीला एक तिकीट काढलं, तर २९ कोटी तिकिटं व्हायला १८ लाख वर्षांहून जास्त लागतील. हा हिशोब जाहिरातीत कधी मोठ्या अक्षरांत दिसतो का?

रकमेचंही तेच. नोव्हेंबर २०२२ मध्ये पॉवरबॉलच्याच २०४ कोटी डॉलरच्या बक्षिसाचा गाजावाजा झाला. ती रक्कम २९ वर्षं हप्त्याहप्त्याने घ्यायची होती. एकरकमी पैसे होते ९९ कोटी ७६ लाख, कर कापण्याआधी.

जिंकलेले सगळे देशोधडीला लागतात, असंही आपण एकमेकांना सांगतो. सत्तर टक्के विजेते दिवाळखोर होतात हा आकडा सगळीकडे फिरतो, पण त्याला संशोधनाचा आधार नाही. उलट स्वीडनमध्ये मोठी बक्षिसं लागलेले लोक बऱ्याच वर्षांनंतरही आपल्या आयुष्याबद्दल जास्त समाधानी आढळले. पैशाने गरिबाचं भलंच होतं हो. म्हणूनच तो तिकिटाकडे वळतो आणि आपल्या कमाईतला श्रीमंतापेक्षा मोठा वाटा त्यात घालतो. ही लॉटरी सरकारनेच चालवायची, जिंकणं आणखी अवघड करायचं, वर "शाळांसाठी पैसा जमतो" म्हणायचं, हे मला अजिबात पटत नाही. तिकिटावर बक्षिसाचा आकडा जेवढा मोठा, तेवढ्याच अक्षरांत ते लागण्याची शक्यता छापली पाहिजे.

गेल्या महिन्यात तो मित्र आजारी पडला. दवाखान्यातून त्याचा मेसेज आला, फक्त सहा आकडे आणि "आज सोडत आहे". मी हातातलं काम टाकून गेलो आणि ते तिकीट काढलं.