बेटी नॉइसचं नाव कुठाय?

परवा आईबरोबर 'सिंगिंग इन द रेन' पुन्हा पाहिला. मी कितव्यांदा, ते मोजणं सोडलंय, आई पहिल्यांदाच. तिचा पिंड लताबाईंच्या गाण्यांवर पोसलेला. डेबी रेनॉल्ड्स 'वुड यू' गायला लागली तशी आईने चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "अगं, ही पोरगी स्वतः गातेय का?"

नाही गात. आणि तेच मला इतकी वर्षं खुपतंय.

चित्रपट १९५२ चा, हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओचा. गोष्ट मूकपट जाऊन बोलपट आले त्या काळातली. लीना लॅमाँट ही बडी नटी, दिसायला अप्सरा, पण आवाज पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. म्हणून कॅथी नावाची नवखी मुलगी तिला आवाज देते. शेवटी भर थिएटरात मागचा पडदा वर ओढला जातो आणि खरी गाणारी कोण ते सगळ्यांना दिसतं. तिथे दर वेळी माझ्या डोळ्यांत पाणी येतं.

आणि प्रत्यक्षात? कॅथी झालेल्या डेबीसाठी 'वुड यू' गायली बेटी नॉइस. कॅथी लीनाच्या तोंडी संवाद भरते, तो घरंदाज आवाजही डेबीचा नाही. तो जीन हेगनचा, म्हणजे लीना झालेल्या नटीचा स्वतःचा! इतका सुरेख आवाज असलेल्या बाईने अख्खा चित्रपट किंचाळत काढला. तिला ऑस्करचं नामांकन तरी मिळालं. बेटीचं श्रेयनामावलीत नावसुद्धा नाही. आवाजाचं श्रेय चोरीला जाणं हीच ज्याची गोष्ट, त्या चित्रपटात!

यात डेबीचा काही दोष नाही, हे मुद्दाम सांगते. वय १९, जिम्नॅस्टिक्स येत होतं, नाच नाही. नायक आणि सहदिग्दर्शक जीन केलीचा कडक तगादा. ती पियानोखाली बसून रडत होती तेव्हा नामांकित नर्तक-नट फ्रेड अस्टेअरने तिला पाहिलं आणि आपली तालीम बघायला नेलं, एवढा मोठा माणूसही घामाघूम होतो ते तिला दिसावं म्हणून. 'गुड मॉर्निंग'चं चित्रीकरण सकाळी ८ ला सुरू झालं ते रात्री ११ पर्यंत. तिच्या पायांतून रक्त आलं होतं. गाण्यात मात्र ती, केली आणि डोनाल्ड ओ'कॉनर असे तिघं हसत हसत सोफा उलटवतात.

केली १०३ ताप अंगात घेऊन पावसात नाचला, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पाऊस दिसावा म्हणून पाण्यात दूध घातलं होतं, ही मात्र नुसती वदंता. मागून प्रकाश टाकला की थेंब चमकतात, तेवढंच.

पण माझं मन बेटीपाशीच अडतं. आपल्याकडे १९४९ च्या 'महल'मधल्या 'आयेगा आनेवाला'च्या तबकडीवर गायिकेचं नाव छापलं होतं 'कामिनी', चित्रपटातल्या पात्राचं! पुढे लताबाई या प्रश्नावर अडून बसल्या आणि १९५९ पासून फिल्मफेअरमध्ये पार्श्वगायनाला पुरस्कार मिळू लागला. बेटीसाठी असं कोणी भांडलं नाही. चित्रपटाच्या प्रत्येक नव्या प्रतीत तिचं नाव यायला हवं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

हे सगळं ऐकून आईने बेटीचं नाव माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. मग म्हणाली, "ते गाणं परत लाव."

लावलं. या वेळी तिने डोळे मिटून ऐकलं.