‘दोघी बौद्धच ना?’ असं विचारणाऱ्या वाचकास

दादा,

माझ्या तिबेटी रूममेटवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘ताई, तुम्ही दोघी बौद्धच ना? मग वेगळी संस्कृती कसली? उगाच कौतुक.’ शिवाय लेखाची लांबी, भाडं आणि तिचं जेवण यांवरही बोललात. लेख लांबला, मान्य. पण तोंडावर ‘ताई’ म्हणायचं आणि पुढच्याच ओळीत हिणवायचं, ही कुठली रीत? हेच सरळ विचारलं असतं तर मीही सरळ उत्तर दिलं असतं.

मी नागपूरच्या इंदोऱ्यातली. 14 ऑक्टोबर 1956 ला माझे आजोबा दीक्षाभूमीवर होते. बावीस प्रतिज्ञा मला शाळेत जायच्या आधीपासून पाठ आहेत. बौद्ध म्हणजे काय, हे मला तुमच्याकडून शिकायचं नाही.

आमच्या घरी वंदना पालीत, बुद्धाशेजारी बाबासाहेबांचा फोटो. तिच्या कोपऱ्यात दलाई लामा, मंत्र तिबेटी. रोज सकाळी ती सात वाट्या एका ओळीत मांडते, मध्ये जवाच्या दाण्याएवढी फट ठेवते आणि काठाच्या जरा खाली येईल इतकंच पाणी भरते. संध्याकाळी ते पाणी कुंडीत ओतून, वाट्या पुसून पालथ्या घालते. मी याला कर्मकांड म्हटलं, तेव्हा दोन दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही. पुनर्जन्मावरून तर आमचं जोरात वाजलं. 1935 साली जन्मलेले चौदावे दलाई लामा म्हणजे तेराव्यांचाच पुनर्जन्म, यात तिला तिळमात्र शंका नाही. बाबासाहेबांच्या धम्मात वाढलेल्या मला हे पटणं शक्यच नाही.

रूममेट दुसऱ्या धर्माची असती, तर ‘तुमच्यात असं असतं’ म्हणून मी सोडून दिलं असतं. इथे बुद्ध दोघींचा आहे, म्हणून सोडवत नाही. तुम्ही जे कारण देऊन फरक पुसायला निघालात, नेमका त्याच कारणाने तो आम्हाला टोचतो.

तिचं घर गोंदिया जिल्ह्यातल्या नॉर्ग्येलिंग वसाहतीत. लोसारला, म्हणजे त्यांच्या नव्या वर्षाला, मी तिथे गेले होते. जवाची छांग समोर आली. मद्य न घेण्याची प्रतिज्ञा आहे, असं मी सांगितलं. तिच्या आईने एका शब्दाने आग्रह केला नाही, लोणी-मीठ घातलेला चहा पुढे केला. तो मला आवडला नाही, तरी मी संपवला. तुम्ही असं कुणाच्या घरी बसून पाहिलंय का कधी?

भाड्याचं आमचं आम्ही बघू. तिच्या जेवणाबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते मी काढून टाकलंय. पुन्हा लिहाल, तर पुन्हा काढेन.