वारीसाठी कॉम्पॅक्टच का सुचवला : एका खरमरीत प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया खरमरीत असली तरी मुद्देसूद आहे, त्यामुळे नुसतं 'धन्यवाद' म्हणून सुटका करून घेत नाही. मूळ लेख ज्यांच्या वाचनात आला नाही त्यांच्यासाठी आधी दोन ओळी. एका शिक्षिकेने विचारलं होतं, यंदा माउलींच्या पालखीबरोबर आळंदी ते पंढरपूर पायी चालणार आहे, दिंडीत नाव दिलंय, फोटोंची आवड आहे, तर कोणता कॅमेरा घेऊ? मी 'एक इंच' म्हणवल्या जाणाऱ्या (हे नुसतं नाव, माप इंचभर नसतं) सेन्सरचा, म्हणजे उजेड टिपणाऱ्या चकतीचा, खिशात मावणारा कॉम्पॅक्ट सुचवला, नाव घेऊन सांगायचं तर कॅनन जी७ एक्स मार्क ३. त्यावर तुमचं म्हणणं असं: साधारण तेवढ्याच पैशांत कॅनन आर५० हा मिररलेस, म्हणजे लेन्स बदलता येणारा कॅमेरा, किट लेन्ससह (सोबत येणाऱ्या साध्या झूम लेन्ससह) मिळतो, त्याचा सेन्सर जवळजवळ तिप्पट मोठा म्हणजे अंधारात तो तिप्पट चांगला. वजनाची अडचण असेल तर पॅनकेक, म्हणजे अगदी चपटी लेन्स लावावी. हात बसला की नव्या लेन्स घेता येतात. आणि खिशातलंच काही हवं असेल तर मोबाइल आहे, कॉम्पॅक्टचा जमाना गेला. शेवटी 'कंपनीने काय दिलं?' असंही विचारलंत. काही दिलं नाही, आणि मी मागितलंही नाही. आता मुद्द्यावर येतो.

सेन्सर तिप्पट मोठा, हे अगदी खरं. कॉम्पॅक्टचा १३.२ बाय ८.८ मिलिमीटर, म्हणजे ११६ चौरस मिलिमीटर. आर५०चा २२.३ बाय १४.९, म्हणजे ३३२. पण उजेड सेन्सरपर्यंत येतो तो लेन्समधून, आणि तुमच्या सगळ्या हिशेबात लेन्स कुठेच नाही. टाकी मोठी घेऊन तिला अर्ध्या इंचाचा नळ जोडावा, तसं हे झालं. आर५०सोबत येणारी १८-४५ मिमी लेन्स रुंद टोकाला एफ/४.५ आणि लांब टोकाला एफ/६.३ उघडते (एफचा आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं). जी७ एक्सची लेन्स रुंद टोकाला एफ/१.८, लांब टोकाला एफ/२.८. एफचे आकडे भागून वर्ग करा: ४.५ भागिले १.८ म्हणजे २.५, त्याचा वर्ग सव्वासहा. सेन्सरच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर कॉम्पॅक्ट सव्वासहापट उजेड टाकतो. आर५०चा सेन्सर २.८६ पट मोठा आहे, तो फायदा वजा केला तरी एकूण उजेड कॉम्पॅक्टलाच दुपटीहून थोडा जास्त मिळतो. झूम करून ७२ मिमीच्या आसपास या (किट लेन्सचं ४५ मिमीचं टोक जुन्या ३५ मिमी फिल्मच्या हिशेबात एवढं भरतं, पुढचे 'सारखे' आकडेही त्याच हिशेबातले), तिथेही कॉम्पॅक्ट पावणेदोन पटीने पुढे.

हे कागदावरचं गणित वाटत असेल तर मुक्कामाच्या रात्रीचं कीर्तन डोळ्यांसमोर आणा. मंडपात दोन ट्यूबलाइट, एक हॅलोजन, बुवा चिपळ्या वाजवत अर्धे वळलेले. शटर १/६० सेकंदाहून जास्त वेळ उघडं ठेवलंत तर चिपळ्यांचा हात विरघळतो. समजा त्या उजेडात कॉम्पॅक्टला आयएसओ १६०० पुरला (आयएसओ जितका वाढवाल तितका फोटो दाणेदार होतो). तोच शटर ठेवून आर५०ला किट लेन्सवर १०,००० लागेल. मोठ्या सेन्सरचा १०,००० आणि छोट्याचा १६०० शेजारी ठेवून बघा, मोठा सेन्सर जिंकत नाही.

बाजी उलटवायची असेल तर उपाय आहे, आणि तो फार महागही नाही. आर५०ला आरएफ ५० मिमी एफ/१.८ लावा. ती ८० मिमीसारखी दिसते, १६० ग्रॅमची आहे, आणि त्या कोनात कॉम्पॅक्ट एफ/२.८वर असल्याने आर५०ला जवळजवळ सातपट उजेड मिळतो. तिथे कॉम्पॅक्टने गुपचूप बाजूला व्हावं. पण मग त्या बाई ८० मिमीत अडकल्या. दिंडीत दोन्ही बाजूंनी खांद्याला खांदा लागलेला असताना ८० मिमीत समोरच्याचं नाक येतं, दिंडी येत नाही. म्हणून पुन्हा किट लेन्स लावायची, म्हणजे लेन्स बदलायची. कुठे बदलायची? जेजुरीत?

पालखी जेजुरीत येते तेव्हा तिच्यावर भंडारा उधळतात हे तुम्हाला माहीत असेलच. ती हळदीची पूड इतकी बारीक असते की रुमालातून पार होते. त्या हवेत कॅमेऱ्याचं तोंड उघडायचा सल्ला मी कुणालाही देणार नाही. इथे कॉम्पॅक्टची बाजू धुतल्या तांदळासारखी आहे असं मात्र नाही. त्याची लेन्स बाहेर येते, आत जाते, आणि आत जाताना धूळ सोबत घेऊन जाते. समोरच्या पातळ झडपा पुडीने अडकू शकतात. मिररलेसच्या सेन्सरवर कण बसला तर घरी फुंकणीने उडवता येतो. कॉम्पॅक्टच्या आत गेलेला कण काढायला तो सर्व्हिस सेंटरला उघडावा लागतो. हा मिररलेसचा खरा फायदा आहे आणि तो तुमच्या प्रतिक्रियेत यायला हवा होता! भंडारा उडत असेपर्यंत कॅमेरा पिशवीत, धुरळा बसला की बाहेर, एवढं पथ्य दोघांनाही पाळावंच लागणार.

आता पॅनकेक. तुमच्या बाजूचा सगळ्यात दमदार मुद्दा हाच. कॅननची आरएफ २८ मिमी एफ/२.८ ही १२० ग्रॅमची, जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब. आर५० ३७५ ग्रॅमचा, दोन्ही मिळून ४९५. सुंदर जोडी आहे, शहरात फिरायला मलाही आवडेल. पण झूम गेला. आणि झूम सोडायचीच तयारी असेल तर रिको जीआर ३एक्स बघा: जवळजवळ आर५०एवढाच (एपीएस-सी मापाचा) सेन्सर, तोच एफ/२.८, ४० मिमीसारखा कोन, आणि बॅटरी-कार्डासकट वजन २६२ ग्रॅम. म्हणजे पॅनकेक लावलेला मिररलेस ज्या दिशेने निघालाय, तिथे एक कॉम्पॅक्ट आधीच बसलेला आहे. वारीला मी जीआर सुचवला नाही कारण त्यात फ्लॅश नाही आणि धूळ आत घेण्याबद्दल तो बदनाम आहे.

वजनाबद्दल तुम्ही थोडं चुकीच्या जागी बोट ठेवलंत. कॉम्पॅक्ट ३०४ ग्रॅम आणि किट लेन्ससह आर५० ५०५ ग्रॅम, दोनशे ग्रॅमने कुणाचा खांदा मोडत नाही. प्रश्न जाडीचा आहे. वारीचे बरेचसे नावाजलेले फोटो काढणारे दिवे घाटाला येतात, रिंगणाला येतात, गाडीने येतात, गाडीने जातात. या बाई चालणार आहेत, अडीचशे किलोमीटरच्या आसपास, हातात टाळ घेऊन. कॅमेरा गळ्यात लोंबला तर टाळावर आपटतो, सॅकमध्ये ठेवला तर ती उतरवेपर्यंत दिंडी पुढे निघून जाते. जी७ एक्स कमरेच्या पाउचमध्ये झिपलॉकच्या पिशवीसकट बसतो आणि एका हाताने निघतो. त्यात एक गंमतही आहे. मोठा कॅमेरा दिसला की आजीबाई पदर सारखा करून विचारतात, "पेपरात येणार का?" आणि तिथून पुढे पोज सुरू. छोट्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

पावसात दोघंही सारखेच नाजूक, पाणी अडवणारं सील कुणालाच नाही. पूर्ण भिजणारा हवा तर ओएम सिस्टिमचा टफ टीजी-७ आहे, १५ मीटर पाण्याखाली चालतो, पण त्याचा सेन्सर २८ चौरस मिलिमीटरचा. कीर्तनाच्या मंडपात तो हात टेकेल.

एक गोष्ट या वादात कुणी काढत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. आषाढात मधूनच ढग फाटतात आणि लख्ख ऊन पडतं. टोपी, फेटा, पदर, डोक्यावरचं तुळशीवृंदावन, या सगळ्यांची सावली चेहऱ्यावर. चेहरा काळा, मागचं आभाळ पांढरं. उपाय एकच, दिवसाउजेडी फ्लॅश. आर५०ला फ्लॅश आहे, पण त्याचं शटर फ्लॅशसोबत १/२५०च्या वर जात नाही. त्या उन्हात १/२५०ला एफ/११च्या आसपास यावं लागतं आणि त्या छिद्रातून इवल्याशा फ्लॅशचा उजेड हातभर अंतरावरही धड पोहोचत नाही. कॉम्पॅक्टमध्ये शटर लेन्सच्या आत पाकळ्यांचं असतं. ते १/२०००लाही फ्लॅशशी जुळतं, म्हणून एफ/४ ठेवता येतो आणि तोच छोटा फ्लॅश दोन हातांवरच्या माणसाचे डोळे उजळवतो. मिररलेसवर हे करायचं तर हायस्पीड सिंकवाला, म्हणजे वेगवान शटरशीही जुळणारा, वेगळा फ्लॅश डोक्यावर चढवा. चढवलात की खिशाची गोष्ट संपली.

मोबाइलच्या बाबतीत तुमच्याशी अर्धा सहमत आहे. छोट्या सेन्सरचे स्वस्त कॉम्पॅक्ट आज घेऊ नयेत, चांगला मोबाइल त्यांना सहज मागे टाकतो. इन्स्टाग्रामवर जुन्या, सीसीडी प्रकारच्या सेन्सरचे कॅमेरे मिरवणाऱ्या मुलांचं सोडा, त्यांना तो धुरकट रंगच हवा असतो आणि त्यांचं काही चुकत नाही. पण मोबाइल रात्री अनेक फ्रेम एकावर एक रचून फोटो तयार करतो. बसलेला माणूस छान येतो. दोघी फुगडी घालत असतील तर पदराच्या कडा आणि वेण्या रंगाच्या लगद्यात जातात. शिवाय मोबाइलच्या मुख्य लेन्समागे सेन्सर दमदार असला तरी झूमच्या लेन्समागचा बहुतेकदा बराच लहान असतो. आणि एकवीस दिवस तोच फोन घरच्यांशी बोलायला, दिंडीतली चुकलेली मंडळी शोधायला, पैसे द्यायला लागणार. त्याची बॅटरी फोटोंवर घालवणं मला शहाणपणाचं वाटत नाही. जी७ एक्सची बॅटरी कंपनीच्या मोजणीनुसार २३५ फोटोंची आहे, आर५०ची जास्त टिकते. म्हणून दोन जादा बॅटऱ्या सुचवल्या होत्या. चार्जिंग यूएसबी-सीने होतं, पण प्रत्येक पॉवर बँक चालत नाही. घरीच जोडून खात्री करावी.

जमाना गेला म्हणालात, त्यातही तथ्य आहे. २०१० साली जगभरात बारा कोटींच्या आसपास डिजिटल कॅमेरे बाजारात आले, बहुतांश कॉम्पॅक्टच. २०२३मध्ये सगळे प्रकार मिळून ऐंशी लाखांच्याही आत. जे वाहून गेले ते मोबाइलच्या तोंडाशी उभे होते. जे उरले ते वेगळे आहेत: २०२४चा फुजी एक्स१००व्हीआय मिळवायला लोक महिनोन्महिने थांबले, २०२५मध्ये रिकोने जीआर ४ आणला. मेलेल्या धंद्यात कुणी एवढं करत नाही.

लेन्स वाढवता येण्याबद्दल एवढंच म्हणेन की ज्यांना वाढवायच्या आहेत त्यांनी जरूर मिररलेस घ्यावा. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांचा मिररलेस मात्र किट लेन्सवरच संसार करतोय, आणि पुढची लेन्स ऑनलाइनच्या टोपलीतच पडून आहे. तुमचं तसं नाही. तुम्ही भिगवणला उजनीच्या पाणथळीवर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) टिपायला जाता असं लिहिलंय. तिथे जी७ एक्सचा १०० मिमी म्हणजे रोहितांच्या जागी गुलाबी ठिपके. तुम्ही आर५०ला आरएफ १००-४०० लावलीत तर ६४० मिमीसारखी पोहोच मिळते, लेन्स ६३५ ग्रॅमची, होडीत बसून हातात धरता येते. तुम्ही मला विचारलं असतंत तर मी कॉम्पॅक्टचं नावही काढलं नसतं. रिंगणात अश्व सुसाट धावतो त्या क्षणालाही जी७ एक्सचा फोकस कमी पडेल हे मान्य. तिथे सोनीचा आरएक्स१०० मार्क ७ हा कॉम्पॅक्ट बरा, २०० मिमीपर्यंत जातो आणि सेकंदाला २० फोटो काढतो, पण लेन्स एफ/२.८ ते ४.५ असल्याने वरचा कीर्तनाचा हिशेब त्याला लागू नाही. शिवाय २०१९ला तो १,२०० डॉलरला आला आणि २०२३चा आर५० किटसकट ८००ला. त्या किमतीत तुमचा मिररलेसचा युक्तिवाद मी निमूट ऐकला असता.

राहता राहिला तुमचा शेवटचा टोमणा, 'दुकानात मिळतो का हा?' नवा नाही मिळाला तर वापरलेला घ्यावा लागेल. असा कॅमेरा घेताना कान लावून लेन्स दहा-बारा वेळा उघड-मीट करा, वाळूची करकर ऐकू आली तर हात जोडून निघा. झडपा चारही बाजूंनी सारख्या उघडतात का ते बघा. मग एफ/११ ठेवून झूमच्या दोन्ही टोकांना पांढऱ्या भिंतीचा किंवा आभाळाचा फोटो काढा आणि स्क्रीनवर मोठा करून कोपरे तपासा. करडे गोल ठिपके दिसले तर आत धूळ आहे. भिंगात टॉर्च तिरका मारा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा असतील तर ती बुरशी, आणि कॅमेरा कोकणातल्या कपाटात काही पावसाळे काढून आलेला असण्याची दाट शक्यता. फ्लॅश दोनदा उडवून बघा. विकणारा यातलं काहीही करू देत नसेल तर दुसरा विक्रेता शोधा. पालखी निघायला अजून वेळ आहे.