भाताला वरण नव्हे, वरणाला भात

गेल्या रविवारी एका मुंजीच्या पंगतीला बसले होते. वाढपी मसालेभाताचं पातेलं घेऊन आला, तसे शेजारच्या बाईंनी पानावर दोन्ही हात आडवे धरले. "नको नको, भात बंद आहे माझा." मग माझ्याकडे झुकून हळूच, "कार्ब्स." (म्हणजे कार्बोहायड्रेट्स, पिष्टमय पदार्थ आणि साखर.) सूर असा, की घरातल्या कुणाचा तरी वाईट रिपोर्ट आलाय. त्यानंतर बटाट्याची भजी आली ती चार घेतली. जिलबी "एकच घाल हो" म्हणत तीन. मी भात दोनदा घेतला, वर तूप, लिंबू. त्यांना राहवेना. "तू तर पळतेस ना गं? मग भात कशी खातेस?"

पंगतीत उत्तर देत बसायला वेळ नसतो, मठ्ठा येत असतो. म्हणून इथे लिहितेय. पोस्ट लांबणार, आधीच सांगते.

मी साताऱ्यात शाळेत गणित शिकवते. वय ४६, उंची पाच फूट दोन इंच. २०२१ च्या दिवाळीत वजन होतं ७४ किलो, आज ६२-६३ च्या मध्ये कुठेतरी. मधले सव्वादोन महिने सोडले, तर भाकरी, चपाती किंवा भात यातलं काहीच पोटात गेलं नाही असा एकही दिवस नाही. त्या सव्वादोन महिन्यांचीच गोष्ट आधी सांगते.

तेव्हा वजन उतरवण्याची मोबाइलवरची एक 'बॅच' लावली होती. फी भरायची, ग्रुपवर रोज ताटाचा फोटो टाकायचा, आणि ताटात धान्य दिसलं की कोच बाई लाल फुली पाठवायच्या. भात, पोळी, भाकरी, पोहे, बटाटा, केळं, सगळं बंद. मी हजाराच्या वर किमतीचं बदामाचं पीठ आणून त्याच्या पोळ्या लाटायला घेतल्या. त्या पोळपाटावरून निघेनात, उलथन्याने खरवडून तव्यावर टाकायच्या. सासूबाई (आम्ही त्यांना आत्या म्हणतो) दारात उभ्या राहून बघायच्या. एकदा म्हणाल्या, "ज्वारीनं काय पाप केलंय गं?"

पण तीन आठवड्यांत साडेचार किलो उतरलं! मी शाळेत पेढे वाटायचीच बाकी होते, तेही बंद म्हणून वाटले नाहीत.

गणिताची बाई असल्यामुळे आकडा फार चांगला दिसला की मला संशय येतो. मग वाचायला लागले. आपण खाल्लेल्या पिष्टमय पदार्थांची साखर होते आणि तिचा काही भाग शरीर ग्लायकोजेन म्हणून साठवून ठेवतं. स्नायूंमध्ये साधारण ४०० ग्रॅमच्या आसपास, यकृतात १०० च्या आसपास. या साठ्याच्या दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी अडकलेलं असतं. आता करा गुणाकार. ५०० ग्रॅम साठा आणि त्याचं दीड किलो पाणी म्हणजे दोन किलो. धान्य बंद केलं की पहिल्या काही दिवसांत हा साठा बराचसा रिकामा होतो आणि काटा खाली येतो. त्यात चरबीचा एक ग्रॅमही नसतो. मग एखाद्या लग्नात माणूस जिलेबी-भात जेवतो, सकाळी काटा दीड किलो वर गेलेला दिसतो, आणि तो छाती बडवत म्हणतो, बघा, भाताने वजन वाढतं! अहो, ते पाणी आहे. गेलं तेव्हाही पाणीच होतं.

उरलेलं अडीच किलो कशाने गेलं, तेही सरळ आहे. धान्यासोबत स्टाफरूममधला वडा गेला होता, चहाची साखर गेली होती, रात्री सिरियल बघताना बशीत येणारी शेव गेली होती. कोणीही ते बंद केलं तर उतरणारच.

आता घाटाचं सांगते. मी तेव्हा नुकतीच सकाळच्या एका ग्रुपबरोबर पळायला लागले होते. सातारकरांना पळायचं म्हटलं की यवतेश्वरचा घाट दिसतोच. दर सप्टेंबरात सातारा हिल हाफ मॅरेथॉन त्याच घाटाने वर कासच्या दिशेने जाते आणि परत येते. २१ किलोमीटर, जातानाचा बहुतेक चढ. आम्ही अर्धा घाट चढून परत यायचो, एवढीच ऐपत होती. बॅचच्या सहाव्या आठवड्यात एका सकाळी दुसऱ्या की तिसऱ्या वळणावर माझे पाय संपले. दम लागला नव्हता, दुखतही नव्हतं. पाय नुसते नव्हतेच तिथे. कठड्यावर बसले तर हात थरथरत होते आणि डोळ्यांत, कारण नसताना, पाणी. ग्रुपमधल्या एका निवृत्त काकांनी खिशातून प्लास्टिकची पुडी काढली. गूळ आणि शेंगदाणे. "आधी हे खा, मग रड," म्हणाले. मी पुडीकडे बघून मनात लाल फुली मारली. हे आठवलं की आजही लाज वाटते. मग खाल्ला. वीसेक मिनिटांनी चालत खाली आले.

पळणारी मंडळी याला 'वॉल लागली' म्हणतात. कारण असं, की चरबी जाळायला शरीराला जास्त प्राणवायू लागतो आणि ती ऊर्जा सावकाश मिळते. हळू चालताना ते भागतं. चढावर, वेगात, जोर मारताना शरीर साखरेकडेच धावतं. तो साठा मी स्वतःच फी भरून रिकामा केला होता. केनियाचे लांब पल्ल्याचे धावपटू घ्या. त्यांच्या आहाराचा अभ्यास झाला तेव्हा तीन चतुर्थांश ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येत असल्याचं दिसलं. मुख्य अन्न उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा. आपल्या कण्यांचा चुलतभाऊच. ते खाऊन ती माणसं जगातल्या मॅरेथॉन जिंकतात, आणि आम्ही साताऱ्यात बसून ज्वारीला घाबरतो.

आता कुणीतरी खाली लिहिणारच, "मॅडम, ते रोज तीस किलोमीटर पळतात." बरोबर! माझं तेच तर म्हणणं आहे. हिशोब ताटाचा एकट्याचा नसतो. माझी आजी कोरेगावकडच्या खेड्यात तीन भाकऱ्या आणि खर्डा खाऊन शेतात खुरपायची. आम्ही तिचं ताट घेतलं आणि खुरपं तिथेच ठेवलं. (आजीचं ताट म्हणजे अमृत होतं असंही मला म्हणायचं नाही. त्यात डाळ क्वचित असायची, दूध पोरांना जायचं, आणि पन्नाशीत ती वाकली होती. 'पूर्वीचं खाणं' म्हणून उमाळे काढणाऱ्यांनी हेही आठवावं.)

बॅच सोडल्यावर मी काय केलं? तेलाचा कॅन मोजला. आमच्याकडे चार माणसांना महिन्याला पाच लिटर तेल लागायचं. पाच लिटर म्हणजे वजनाने साधारण ४६०० ग्रॅम. भागिले चार माणसं, भागिले तीस दिवस, माणशी रोज ३८ ग्रॅम. एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी, म्हणजे ३४० च्या वर. ५०-५५ ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत १८० च्या आसपास. म्हणजे आम्ही प्रत्येक जण रोज जवळजवळ दोन भाकऱ्यांइतकं तेल पीत होतो, आणि बाहेरचे वडे, फरसाण यात धरलेलेच नाहीत. त्या दोन भाकऱ्यांनी निदान पोट तरी भरतं. तेल भाजीत कुठे जातं, कळत नाही. फोडणीची पळी मी आयुष्यात पहिल्यांदा वजनकाट्यावर रिकामी केली. भरलं १९ ग्रॅम. एका भाजीला अशा तीन पळ्या पडत होत्या, कारण 'तर्री दिसली पाहिजे'.

मग चहा. दिवसाला चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, ४० ग्रॅम. ही साखरही 'कार्ब्स'च. म्हणूनच मला या शब्दाचा राग येतो. ज्वारी, मटकी, पेरू, जिलबी, मैद्याचं बिस्किट, सगळं एका पोत्यात कोंबायचं आणि पोत्यालाच काठी मारायची! मटकीत निम्म्याहून जास्त पिष्टच असतं. ती कुणाला नडली?

दुसऱ्या टोकाचे लोकही आहेत. चपाती सोडून भाकरी धरली की वजन उतरतं, असं ठामपणे सांगणारे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे तक्ते उघडून बघा. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे ३३० कॅलरी, १० ग्रॅम प्रथिनं, १० ग्रॅम चोथा. गव्हाच्या चाळण न काढलेल्या पिठातही जवळपास तेच. भाकरीला तेल लागत नाही आणि ती दोनाच्या वर जात नाही, हा तिचा गुण. चपातीला आपण घडीत तेल, वरून तेल, आणि मऊसूत म्हणून पाच खातो. दोष गव्हाचा नाही.

महाराष्ट्रात २०१८ च्या आसपास 'दीक्षित की दिवेकर' या वादावर घरं फुटायची वेळ आली होती, आठवतंय? दिवसातून दोनदाच जेवायचं की दर दोन तासांनी थोडं थोडं. माझ्या माहेरी एकाच टेबलावर दोन्ही पक्ष बसायचे. त्याच वर्षी अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाचा एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. ६०९ माणसं, एक वर्ष. निम्म्यांना पिष्ट कमी करायला सांगितलं, निम्म्यांना तेल-तुपासारखे स्निग्ध पदार्थ. दोघांनाही भाज्या भरपूर, साखर-मैदा कमी. वर्षअखेरीस एका गटाचं सरासरी सहा किलो उतरलं, दुसऱ्याचं सव्वापाच. संशोधकांच्या मते हा फरक धरण्याजोगा नाही. मजा म्हणजे दोन्ही गटांत काहींचं भरपूर उतरलं आणि काहींचं उलट वाढलं. तुमच्या नणंदेला जे लागू पडलं ते तुम्हाला पडेलच असं नाही, हे इतक्या खर्चाने सिद्ध झालंय.

तरी भात खा, कितीही खा, असं मी म्हणत नाहीये. आपलं एक दुखणं खरं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. बारीक दिसणारा, पण आतून चरबीचा. स्नायू कमी. आणि जेवल्यावर रक्तात आलेली साखर उचलून ठेवण्याची सगळ्यात मोठी जागा स्नायूच. कोठी लहान आणि पोती जास्त, अशी आपली गत. यावर आपण पोती कमी करा एवढंच ओरडतो. कोठी वाढवायचं कुणी बोलत नाही, विशेषतः बायकांना.

म्हणून पळण्यापेक्षाही मला फरक पडला तो उठाबशांनी आणि डंबेल्सनी. चाळिशीनंतर बायकांचे स्नायू उतरत जातात. आठवड्यातून तीन दिवस, चाळीस मिनिटं, घरातच. सुरुवातीला दहा उठाबशांत जिना उतरता येईना. आता पाठीला दप्तराची पिशवी लावून साठ.

आणि ताट. आमच्याकडे भाताचा डोंगर आणि त्यावर पिवळं पाणी, त्याला वरण म्हणायचे. आता उलटं. वरण घट्ट, दोन वाट्या, त्याला लागेल तेवढा भात, मुठीएवढा. आयसीएमआरने (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने) २०२४ मध्ये जी आहारसूत्रं काढली त्यातही हेच आहे. दिवसभराच्या ऊर्जेतला धान्यांचा वाटा ४५ टक्क्यांच्या वर नको, डाळी-कडधान्यं वाढवा. मी काही टक्केवारी मोजत नाही. डब्यात दोन भाकऱ्या, मोडाची उसळ, पालेभाजी, काकडी. सकाळी पळून आल्यावर पोहे, पण मूठभर मटार, शेंगदाणे आणि सोबत दोन उकडलेली अंडी. रविवारी लांब पळायचं असेल तर शनिवारी रात्री भात जास्त, अगदी ठरवून. खिशात गूळ-शेंगदाण्याची पुडी. काकांना मीच आता देते.

एकादशी? साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, त्यावर बटाटा, त्यावर तूप. खिचडी मला जीव की प्राण आहे, महिन्यातून एकदा खाते, पण तिला उपवास म्हणत नाही. आत्यांना हे वाक्य वाचून दाखवू नका.

आत्यांना मधुमेह आहे, म्हणून हेही लिहिते. ज्यांना साखर आहे त्यांचं गणित माझ्यापेक्षा वेगळं. किती भात, कधी, गोळीबरोबर कसा, हे डॉक्टरांना विचारा, माझ्या पोस्टला नाही. आत्यांच्या डॉक्टरांनी भात बंद केला नाही, वाटी ठरवून दिली. आधी कोशिंबीर-भाजी, मग वरण, भात शेवटी. जेवण झालं की त्या गच्चीवर पंधरा मिनिटं फेऱ्या मारतात, हातात रेडिओ. वर्षभरात आकडे बरे झालेत. वाटी मात्र त्या शीग लावून भरतात. मी बघते, बोलत नाही.

बाकी, इनबॉक्समध्ये डाएट चार्ट मागू नका, माझ्याकडे नाही. तेलाचा कॅन फोडाल तेव्हा त्यावर मार्करने तारीख लिहा, एवढं करून बघा. आमचा ३ तारखेला फोडला. आज २९. अजून अर्ध्याच्या वर आहे, आणि तर्रीवरून घरात दोनदा भांडण झालंय.